खालचा गिअर, हिसक्याविना

वरचा गिअर टाकण्याविषयी आम्हाला सहसा कोणी विचारत नाही. पत्रं येतात ती खालच्या गिअरची. या वेळी ती सगळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांतले आकडे एकाच नमुन्याच्या गाडीचे आहेत : पाच गिअरची छोटी पेट्रोल हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५, पहिल्या गिअरपासून पाचव्यापर्यंतचे रेशो ३.५, १.९, १.२८, ०.९५ आणि ०.७५, फायनल ड्राइव्ह ४.३. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, हिशेब तोच राहील.

शर्यतीच्या व्हिडिओंत ड्रायव्हर गिअर खाली टाकताना मध्येच रेस देतो. इंजिन गुरगुरतं आणि गाडीला हिसका बसत नाही. रोजच्या गाडीत याचा काही उपयोग आहे, की नुसती हौस? (नाशिक)

हौस आहेच, पण तिच्यामागे साधं गणित आहे. ताशी ६० किलोमीटरला आपल्या नमुन्याच्या गाडीचं चाक मिनिटाला साधारण ५१२ फेरे घेतं. या फेऱ्यांना गिअरचा रेशो आणि फायनल ड्राइव्हने गुणलं की इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, मिळतात. चौथ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन २,१०० आरपीएमच्या आसपास फिरतं. तिसऱ्यात तोच वेग ठेवायचा तर त्याला २,८०० वर फिरावं लागतं. क्लच दाबून पाय एक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला, की गिअर पडेपर्यंत इंजिन हजार-बाराशेपर्यंत खाली आलेलं असतं. आता क्लच सोडला की त्या दमलेल्या इंजिनाला २,८०० पर्यंत ओढून कोण नेणार? गाडीची धाव. चाकांकडून ताकद उलटी इंजिनाकडे जाते, म्हणजे तेवढा वेळ गाडीला ब्रेक लागतो. तो हिसका हाच. त्यातला काही भाग क्लच प्लेट घासून पचवते, उरलेला इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट आणि मागे बसलेल्या आजींची मान यांच्या वाट्याला येतो.

रेस देणं म्हणजे हे ओढकाम गाडीवर न टाकता पेट्रोलकडून करून घेणं. त्यासाठी लागणारं पेट्रोल थेंबभर असतं, त्याची चिंता नको.

लक्षात ठेवायला सोपं गुणोत्तर असं : पाचव्यातून चौथ्यात आरपीएम साधारण सव्वापट होतो, चौथ्यातून तिसऱ्यात एक तृतीयांशाने वाढतो, तिसऱ्यातून दुसऱ्यात दीडपट होतो आणि दुसऱ्यातून पहिल्यात जवळजवळ दुप्पट. म्हणूनच वरच्या गिअरांत चूक झाली तर कोणाला कळत नाही आणि दुसऱ्यात टाकताना लगेच कळते.

रोजच्या रस्त्यावर याची खरी गरज तीन ठिकाणी पडते : हायवेवर ओव्हरटेक करण्याआधी, घाटाच्या उतारावर आणि वळणातून निघून लगेच चढ लागतो तिथे. सिग्नलला थांबायचं असेल तर गरज नाही. आहे त्याच गिअरमध्ये ब्रेक दाबत या, आरपीएम हजाराच्या जवळ आला की क्लच दाबा, थांबल्यावर न्यूट्रल. लाल दिव्याकडे जाताना चौथा, तिसरा, दुसरा अशी सगळी माळ ओढत बसण्यात अर्थ नाही. स्पीडब्रेकरचंही तसंच. ब्रेकने वेग १५ वर आणल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला फक्त १,०५० च्या आसपास फिरायचं असतं, म्हणजे आयडलच्या किंचित वर. तिथे रेस देणाऱ्याची गाडी उलट पुढे उडी मारते.

मी प्रयत्न केला, पण पूर्वीपेक्षा जास्तच झटके बसतात. कधी गाडी पुढे ढकलल्यासारखी होते, कधी मागे ओढल्यासारखी. चूक कुठे होते? (सांगली)

दोन्ही झटक्यांचं कारण वेगळं आहे, आणि तुम्ही ते स्वतःच लिहिलं आहे. पुढे ढकलली गेली तर रेस जास्त झाली, किंवा क्लच पूर्ण दबण्याआधीच दिली गेली. मागे ओढली गेली तर रेस कमी पडली, किंवा बरोबर दिली पण क्लच सोडायला उशीर झाला आणि तोवर आरपीएमचा काटा परत खाली आला. बहुतेकांचा घोळ हा शेवटचा. रेस द्यायला शिकतात, आणि मग सवयीने क्लच सावकाश सोडतात.

आधी तुमच्या गाडीचा तक्ता करा. सकाळी रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० चा वेग धरा आणि काटा कुठे आहे ते बघा. मग दुसऱ्यात टाकून तोच ४० धरा आणि पुन्हा बघा. आमच्या नमुन्याच्या गाडीत पहिला आकडा सुमारे १,९०० आणि दुसरा २,८०० येईल. असंच ६० ला चौथा आणि तिसरा करा. हे चार आकडे पाठ झाले की पुरे, पुढे कान आपोआप शिकतो. ज्यांच्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही त्यांनी सरळ आवाजावर जावं. काही दिवस जास्त लागतील एवढंच.

सराव चौथ्यातून तिसऱ्याने सुरू करा, दुसऱ्याने नाही. वेग ६०, रस्ता सपाट, मागे कोणी नाही. क्लच तळापर्यंत दाबा. डाव्या हाताने गिअर न्यूट्रलवरून तिसऱ्याकडे जात असतानाच उजव्या पायाने एक्सिलरेटर साधारण पाव अंतर दाबून सोडा. काटा ३,००० कडे चढेल आणि पडायला लागेल. तो २,८०० वरून खाली येत असताना क्लच सोडा. सोडणं एकाच हालचालीत हवं, पण आपटून नाही. हे सगळं मिळून एका सेकंदाचं काम आहे. किंचित जास्त रेस झाली तर चालते, कारण काटा पडतच असतो. कमी पडली तर तो परत वर येणार नाही.

एक्सिलरेटरचा हा टोला साधत नसेल तर आणखी सोपी रीत आहे. क्लच दाबताना एक्सिलरेटरवरचा पाय उचलूच नका, होता तिथेच हलका ठेवा. गाडीचं ओझं सुटल्याबरोबर इंजिन स्वतःच चढतं. चौथ्यातून तिसऱ्यात यायला एवढं बहुतेक वेळा पुरतं. शर्यतवाले याला नाक मुरडतील, पण घरच्या गाडीसाठी आम्ही हीच रीत आधी शिकायला सांगू.

अलीकडच्या गाड्यांत एक्सिलरेटरला केबल नसते, सेन्सर असतो. छोटासा चटका दिला तर कॉम्प्युटर तो गिळून टाकतो किंवा क्षणभर उशिरा मानतो. अशा गाडीत टोला थोडा खोल आणि थोडा लांब द्या. डिझेलमध्ये फ्लायव्हील जड, त्यामुळे काटा चढायलाही वेळ आणि उतरायलाही. तिथे टोल्यापेक्षा पाय धरून ठेवण्याची रीतच बरी.

हील अँड टो म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि एक्सिलरेटर. जमवायचा प्रयत्न करतोय, पण माझ्या गाडीत ब्रेकचं पेडल वर आणि एक्सिलरेटर खूप खाली आहे. पेडलवर पट्टी बसवून घेऊ का? (पुणे)

नका बसवू. पेडल खाली आहे हा तुमच्या गाडीचा दोष नाही. शर्यतीत ब्रेक जीव खाऊन दाबलेला असतो. तो खाली गेला की एक्सिलरेटरच्या पातळीला येतो आणि मग पायाची उजवी कड नुसती वळवून रेस देता येते. नावात टाच असली तरी आजकाल टाच फारशी कोणी वापरत नाही. पंजाचा फुगीर भाग ब्रेकवर आणि करंगळीकडची कड एक्सिलरेटरवर, असंच करतात. आपण रस्त्यावर ब्रेक दाबतो तो हलका. पेडल वरच राहतं, पाय वाकडा करून एक्सिलरेटर गाठावा लागतो आणि त्या नादात ब्रेकवरचा दाब कमी-जास्त होतो. समोर रिक्षा अचानक थांबली तर पाय नक्की कुठे आहे याची खात्री हवी. ती या प्रकारात राहत नाही.

त्यात पट्टी बसवली की ती सैल होण्याची, मॅटमध्ये अडकण्याची भीती वेगळीच. आणखी एक अडचण : सेन्सरच्या एक्सिलरेटरवाल्या काही गाड्या ब्रेक आणि एक्सिलरेटर एकदम दाबलेले दिसले की सुरक्षेसाठी एक्सिलरेटर मानतच नाहीत. तुम्ही टोला द्याल आणि इंजिन गप्प राहील.

रस्त्यासाठी काम दोन तुकड्यांत करा. आधी ब्रेकने हवा तेवढा वेग कमी करा, मग ब्रेक सोडून रेस देऊन गिअर टाका. वळणाच्या आधी अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि तो सोसायला आपण कुठे स्टॉपवॉच लावून बसलोय? तरी शिकायचंच असेल तर गाडी बंद ठेवून पायाची सवय करा, पातळ सपाट तळव्याचे बूट घाला. कोल्हापुरीचं काम नाही हे. तिची कड एक्सिलरेटरखाली अडकते.

वडील अनेक वर्षं ट्रक चालवायचे. कारमध्येही ते प्रत्येक वेळी डबल क्लच करतात आणि मलाही करायला सांगतात. गरज आहे का? (सोलापूर)

तुमच्या वडिलांची रीत चुकीची नाही, फक्त गाडी बदलली आहे. त्यांच्या काळच्या पुष्कळ ट्रकच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना आतले वेग आपोआप जुळवणारी रिंग, नसायचा. तिथे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, असं केलं नाही तर गिअर पडायचाच नाही, नुसता ओरडायचा. जुन्या जीपच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रो नव्हता, त्यामुळे गाडी चालत असताना पहिला टाकणं ही एक परीक्षा असायची.

यातली खुबी मधल्या टप्प्यात आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस दिली की इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही वेग घेतो. क्लच दाबूनच ठेवला आणि रेस दिली, तर फक्त इंजिन फिरतं. शाफ्ट सुटाच असतो. म्हणजे वर सांगितलेल्या एका क्लचच्या रीतीने क्लच प्लेट वाचते, सिंक्रो वाचत नाही. डबल क्लचने दोन्ही वाचतात.

आजच्या कारमध्ये हे काम पितळी सिंक्रो रिंग करते आणि नीट वागवली तर ती वर्षानुवर्षं करते. म्हणून दर वेळी डबल क्लचची गरज नाही. एक अपवाद मात्र वडिलांकडून शिकून घ्या : चालत्या गाडीत पहिला गिअर. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये वेग १०-१५ वर आला आणि गाडी दुसऱ्यात धापा टाकायला लागली, की पहिला टाकावा लागतो आणि तो अडून बसतो. तिथे डबल क्लच केला तर लोण्यात सुरी गेल्यासारखा पडतो.

आम्ही दर महिन्याला आंबा घाटातून कोल्हापूरहून घरी येतो. उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं असं मेहुणे म्हणतात. मी गिअरमध्येच उतरवतो, पण खाली येईपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो. कोणता गिअर ठेवावा? (रत्नागिरी)

मेहुण्यांचं आधी बघू. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या वेळी त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि आरपीएम साधारण १,२०० ते १,५०० च्या वर असला, की पेट्रोल पूर्ण बंद होतं. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रल केलं तर इंजिनाला स्वतःच्या जोरावर आयडल करावं लागतं, त्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं. म्हणजे वाचवायला गेले आणि जाळून आले. कोणी चावीच बंद करत असेल तर त्याला हात जोडा. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जातं.

आता वास. उदाहरणाला बोरघाट घ्या. खोपोली आणि खंडाळा यांच्या उंचीत साधारण पाचशे मीटरचा फरक आहे. माणसं आणि सामान धरून १,३०० किलोची गाडी तेवढं उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात २० लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. तुमच्या घाटाचंही गणित याच जातीचं. ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये कोंबायची, की बरीचशी इंजिनाच्या हवेत आणि रेडिएटरमध्ये सोडायची, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही गिअरमध्ये उतरता पण वास येतो, याचा अर्थ गिअर एक पायरी वरचा आहे.

चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना, असं जुने लोक सांगायचे. तेव्हाच्या इंजिनांना ते लागू होतं. आताची टर्बो गाडी चौथ्यात घाट चढून जाते आणि चौथ्यात उतरवली तर सुसाट सुटते. त्यामुळे कसोटी अशी घ्या : उतारावर दोन्ही पाय उचला आणि पाच आकडे मोजा. वेग तेवढाच राहिला किंवा नखभर वाढला तर गिअर बरोबर. वेग वाढतच असेल तर एक गिअर खाली. बहुतेक छोट्या गाड्यांना तीव्र उतारावर दुसरा आणि सौम्य उतारावर तिसरा लागतो. इंजिन ३,०००-३,५०० वर ओरडलं तर घाबरू नका. आरपीएमच्या डायलवरच्या लाल रेषेच्या खाली आहे तोवर त्याला काही होत नाही. पेट्रोलच्या मानाने डिझेल एवढं धरत नाही, कारण त्यात थ्रॉटल बंद होऊन इंजिनाला हवा ओढायचे कष्ट पडत नाहीत. म्हणूनच ट्रकला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात.

हा गिअर घाटाच्या तोंडाशीच टाका, मध्ये नाही. मध्ये टाकायची वेळ आलीच तर आधी ब्रेकने वेग नेहमीपेक्षा पाच-सातने जास्त उतरवा, कारण क्लच दाबल्याबरोबर गाडी मोकळी होऊन पळायला लागते. क्लच सावकाश सोडणाऱ्याची इथे पंचाईत होते : तो सोडेपर्यंत वेग पुन्हा वाढलेला असतो. रेस देऊन झटपट टाकलेला गिअर हा घाटात शौक नाही, गरज आहे. आणि गिअरने वेग कमी केला तर मागचा ब्रेक लाइट लागत नाही, तेव्हा मागे कोणी चिकटून असेल तर ब्रेकला एकदा नुसता पाय लावा.

ब्रेक वापरायचाच, पण घासत ठेवायचा नाही. ५० वर गेली की जोरात दाबून ३५ वर आणा आणि सोडा. मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो.

वास येऊनही दाबत राहिलात तर पुढे दोन प्रकार होतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. पेडल कडक पण गाडी थांबत नाही : पॅड तापून गुळगुळीत झाले आहेत. पेडल मऊ होऊन खाली खाली जातं : ब्रेक ऑइल उकळून पाइपमध्ये वाफ झाली आहे. हा दुसरा प्रकार वाईट. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं आणि डॉट ४ हे २३० च्या पुढे. पण ते हवेतलं पाणी शोषत असतं, आणि पाणी धरलेल्या ऑइलचे हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणच्या हवेत दोन वर्षांनी ऑइल बदला, मग गाडी हजारच किलोमीटर चाललेली का असेना. पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटन दाबून धरून तो थोडाथोडा ओढा आणि डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. आणि निघताना तो दगड रस्त्यातून उचला. प्रत्येक घाटात असा कुणीतरी विसरलेला एक धोंडा वळणावर बसलेला असतोच.

मित्र म्हणतो, ब्रेक पॅड स्वस्त आणि क्लच महाग, मग गिअरने गाडी कमी करून क्लच का झिजवायचा? (ठाणे)

सपाट शहरी रस्त्यावर मित्राचं बरोबर आहे. पॅड चाक काढून तासाभरात बदलता येतात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा सेट बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण क्लच झिजतो तो घसरताना. एकदा पूर्ण सुटला की गिअरमध्ये कितीही इंजिन ब्रेकिंग करा, तो झिजत नाही. आरपीएम जुळवून टाकलेल्या गिअरमध्ये घसरण नावालाच असते. झिजवतो तो दोन गिअरच्या मध्ये क्लच अर्धा धरून गाडीला ब्रेक लावणारा, आणि त्याहून जास्त घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर हाफ क्लचवर गाडी झुलवणारा. वेग कमी करायला ब्रेक, कमी झालेला वेग धरून ठेवायला गिअर, एवढी वाटणी पाळा.

मी इंग्लंडमध्ये लायसन्ससाठी पुन्हा शिकतोय. इथला प्रशिक्षक पाचव्यातून थेट दुसऱ्यात टाकायला सांगतो. भारतात शिकताना एकेक गिअर खाली आणायला शिकवलं होतं. कोणाचं खरं? (रीडिंग)

तुमच्या प्रशिक्षकाचं. तिथे ‘थांबायला ब्रेक, जायला गिअर’ असंच शिकवतात, आणि आता ब्रेक चांगले असल्यामुळे गिअर गाळायला हरकत नाही. अट एकच : आधी वेग त्या गिअरजोगा झाला पाहिजे. ताशी ३० किलोमीटरला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,१०० वर असेल, पाचव्यातून आलात काय नि तिसऱ्यातून आलात काय, त्याला देणंघेणं नाही.

ही अट विसरली तर काय होतं तेही सांगतो. ताशी १०० ला पाचव्यातून चौथा टाकायला गेलात आणि हात डावीकडे ओढला जाऊन दुसरा पडला, तर क्लच सुटताच इंजिनाला ७,००० वर फिरावं लागेल. लाल रेषा ६,००० च्या आसपास. रेव्ह लिमिटर इथे कामाचा नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो, आणि इंजिनाला फिरवतायत चाकं. व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत, पिस्टन त्यांच्यावर आदळतो. म्हणून पाचव्यातून चौथा टाकताना लिव्हर मुठीत आवळू नका. उघड्या तळव्याने सरळ मागे ओढा; स्प्रिंग त्याला आपणहून मधल्या खाचेत आणते.

दुसरा गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो, विशेषतः सकाळी. रेस दिली तरी येतो. (जळगाव)

रेस देऊन का थांबत नाही ते वर सोलापूरच्या उत्तरात आलं आहे. आधी क्लच तपासा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सही ओरडला तर पेडल दाबूनही क्लच इंजिनाला गिअरबॉक्सपासून पूर्ण सोडवत नाहीये : केबलची ढिलाई किंवा हायड्रॉलिकमधली हवा बघा. रिव्हर्स गुपचूप पडला आणि फक्त दुसराच ओरडतो, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. डबल क्लच करून आवाज थांबला की निदान पक्कं.

बॉक्स उघडण्याआधी ऑइल बदलून बघा. छोट्या गाडीत ते दोन लिटरच्या आसपास बसतं. आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा निचऱ्याचा उघडा; नाहीतर बॉक्स रिकामा आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, अशी फजिती होते. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० की ७५डब्ल्यू-८० लिहिलंय ते पाळा, आणि ऑइलचा दर्जा जीएल-४ सांगितला असेल तिथे ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ घेऊ नका. त्यातलं गंधक सिंक्रोच्या पितळाला खाऊ शकतं.

आंबोलीत पावसात गिअर खाली टाकला आणि गाडी क्षणभर सरळच गेली. एबीएस असूनही? (सावंतवाडी)

एबीएस ब्रेकचा दाब सोडतं. इंजिनाने अडवलेलं चाक त्याला सोडवता येत नाही. रेस न देता टाकलेल्या दुसऱ्या गिअरने तुमची पुढची चाकं पळभर घसरली, आणि घसरलेलं चाक वळत नाही. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच चुकीने शेपूट बाहेर येतं, ते जास्त वाईट. असं झालं तर ब्रेक नाही, क्लच दाबा. चाक लगेच मोकळं होऊन पकड घेतं. पावसात गिअर वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असतानाच टाका. लाल माती वाहून आलेली असते तिथे आणि एसटीचं डिझेल सांडलेल्या वळणावर मधे काहीच बदलू नका.

बाइकवर हे लागू होतं का? (म्हापसा)

कारपेक्षा जास्त. मागचं चाक हलकं असतं, एकदम दोन गिअर खाली मारले की ते उड्या मारत घसरतं आणि चेन हिसकते. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, उरलेल्या तळव्याने थ्रॉटलला चिमूटभर पीळ, क्लच अर्धाच ओढून गिअर एकेक खाली. डॉमिनार ४०० किंवा इंटरसेप्टर ६५० वर स्लिपर क्लच (चाकाकडून उलटा जोर आला की आपणहून थोडा घसरणारा) असल्यामुळे बरीच चूक पोटात घातली जाते. साध्या स्प्लेंडरवर ती सोय नाही, तिथे मनगटच लागतं.

एएमटी (क्लच आणि गिअर स्वतःच बदलणारी) गाडी घाटात आपोआप गिअर वर टाकते. काय करावं? (सातारा)

लिव्हर मॅन्युअलवर घ्या आणि घाट सुरू होण्याआधी वजाकडे ढकलून दुसरा किंवा तिसरा धरा. गाडी स्वतः तो बदलणार नाही, फक्त आरपीएम फारच चढला तर वरचा आणि फारच पडला तर खालचा टाकेल. सीव्हीटी (पायऱ्यांविना, पट्ट्याची ऑटोमॅटिक) गाडीच्या लिव्हरवर एल किंवा बी असेल तर तो. खाली पोहोचल्यावर डी वर घ्यायला विसरू नका, नाहीतर सपाटीवर ८० ला इंजिन का ओरडतंय याचा शोध लागेपर्यंत उंब्रज येतं.